ॲफिलिएट मार्केटिंगची सुरुवात: पहिल्या लिंकपासून पहिल्या कमिशनपर्यंत

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे सरळ शब्दांत दलाली. तुम्ही एखाद्या वस्तूविषयी लिहिता किंवा बोलता, सोबत एक खास लिंक देता, आणि त्या लिंकवरून जाऊन कुणी ती वस्तू घेतली की विकणारी कंपनी तुम्हाला विक्रीतले काही टक्के देते. वस्तू तुमची नाही, साठा तुमचा नाही, घरपोच करण्याची जबाबदारीही तुमची नाही. गिऱ्हाइकाला सहसा त्यासाठी जास्त काही मोजावं लागत नाही. इतकं सुटसुटीत असल्यामुळेच याच्याभोवती ‘झोपेत पैसे कमवा’ छापाचा बाजार उभा राहिला आहे. विक्री मध्यरात्री होऊ शकते हे खरं. पण ज्या लेखामुळे ती झाली, तो लिहायला माझ्या नऊ संध्याकाळी गेल्या होत्या.

मी घरगुती शिलाई मशीन आणि शिवणाच्या साहित्यावर लिहिते. खालची उदाहरणं त्यातलीच आहेत, कारण मला नीट माहीत आहे ते तेवढंच. तुमचा विषय दुसरा असेल, रीत तीच राहते.

क्लिक केल्यावर नेमकं काय होतं

हे न समजता लोक वर्षभर काम करतात आणि मग ‘कंपनीने माझे पैसे बुडवले’ म्हणून चिडतात. म्हणून आधी हे.

तुम्हाला मिळालेल्या लिंकच्या शेपटीला तुमचा ओळख क्रमांक जोडलेला असतो. वाचकाने ती लिंक दाबली की दुकानाची साइट त्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी नोंद ठेवते: हा माणूस अमुक ॲफिलिएटकडून आला. या नोंदीला कुकी म्हणतात. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर विक्री तुमच्या खात्यावर चढते. मुदत संपल्यावर केली तर नाही. ॲमेझॉनची मुदत फक्त २४ तासांची आहे. मात्र त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली असेल, तर पुढे ९० दिवसांपर्यंत केलेली तिची ऑर्डर धरली जाते. इतर बऱ्याच कार्यक्रमांत ३० दिवस देतात, काही ठिकाणी ७, काही ठिकाणी ९०.

यातून दोन गोष्टी निघतात. बहुतेक ठिकाणी शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं. तुमचा लेख वाचून मन पक्कं झालेला माणूस पैसे भरायच्या आधी कूपन शोधायला दुसरीकडे गेला आणि तिथली लिंक दाबून आला, तर तुमच्या कष्टांचं फळ त्या कूपनवाल्याच्या पदरात. दुसरी गोष्ट सुखाची आहे: अनेक मोठ्या दुकानांत तुम्ही दाखवलेली वस्तूच घ्यायला हवी असं नसतं. मशीन बघायला गेलेला माणूस मशीन न घेता मुलासाठी कंपासपेटी घेऊन बाहेर पडला, तरी तिचं कमिशन तुम्हाला मिळतं.

शिवाय गळतीही आहे. वाचक मोबाइलवर वाचतो आणि खरेदी संगणकावर करतो. सफारी ब्राउझर २०१७पासून असा माग काढण्यावर बंधनं घालत आला आहे. कुणी खासगी विंडोत वाचतं. थोडक्यात, तुमच्यामुळे झालेली काही विक्री तुमच्या नावावर कधीच पडणार नाही, हे धरूनच चाला.

या व्यवहारात कंपनी आणि तुम्ही यांच्यामध्ये कधी कधी तिसरा असतो, तो म्हणजे नेटवर्क. एकाच खात्यातून शेकडो कंपन्यांचे कार्यक्रम मिळतात आणि पैसेही एकत्र येतात. हा धंदा जुना आहे. ॲमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम १९९६ सालचा, लिंकशेअर हे नेटवर्कही त्याच वर्षीचं, कमिशन जंक्शन १९९८चं. लिंकशेअर आज राकुतेन या जपानी कंपनीच्या नावाने चालतं, कमिशन जंक्शन नुसतं सीजे म्हणून. त्यामुळे ‘नुकतीच आलेली संधी, लवकर उडी घ्या’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्या उत्साहाला आवर घालायला हरकत नाही.

पायरी पहिली: कागदावर हिशेब

समजा, तुमच्या एका लेखाला १,००० वाचक मिळाले. त्यातल्या १०० जणांनी लिंक दाबली. त्या १०० पैकी ४ जणांनी मशीन घेतलं. कमिशन ४ टक्के. म्हणजे ४ मशिनांच्या किमतीचे ४ टक्के, अर्थात एका मशीनच्या किमतीचा साधारण सहावा भाग. एका मशीनची पूर्ण किंमत कमवायला ६,२५० वाचक लागतील. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, आणि नवख्यासाठी ते उदारच आहेत. सुरुवातीला महिनाभरात ५० वाचक आले तरी पुष्कळ.

आता हाच हिशेब तुमच्या विषयाचे आकडे घालून करा. खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण अर्धं धरा. उत्तर बघून हात गळाले तर आत्ताच गळू द्या, सहा महिन्यांनी नकोत.

हिशेबातला कोणता आकडा वाढवता येतो? टक्केवारी तुमच्या हातात नाही. सॉफ्टवेअर, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), ऑनलाइन अभ्यासक्रम यांत कमिशन मोठं असतं, काही ठिकाणी गिऱ्हाईक वर्गणी भरत राहील तोवर दरमहा मिळतं. पण मोठ्या टक्क्यांमागे धावत न वापरलेल्या गोष्टींवर लिहिणाऱ्यांची तिथे रांग लागलेली आहे. आणि दर कंपनी केव्हाही बदलू शकते. एप्रिल २०२०मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतले दर कमी केले, तेव्हा फर्निचरचा ८ वरून ३ टक्क्यांवर आला आणि किराण्याचा ५ वरून १ वर. केवळ त्या एका कार्यक्रमावर आणि अशाच वस्तूंवर घर चालवणाऱ्यांची कमाई एका फटक्यात निम्म्याहून खाली गेली. वाचकसंख्या हळूहळू वाढते. खऱ्या अर्थाने तुमच्या हातात असतो तो मधला आकडा: आलेल्या वाचकांपैकी किती जण खरेदीच्या उंबऱ्यावर उभे आहेत. सगळं कसब तिथेच आहे, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

पायरी दुसरी: विषय

ज्या वस्तूंवर तुम्ही स्वतःचे पैसे खर्च केलेत, ज्या बिघडल्यावर तुम्ही वैतागलात, ज्यांच्याबद्दल ओळखीचे लोक तुम्हालाच विचारतात, तिथे तुमचा विषय आहे. ‘मोबाइल’ हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. ‘म्हाताऱ्या माणसांना वापरायला सोपे मोबाइल’ हा विषय झाला. मीही आधी ‘हस्तकला’ म्हणून सुरू केलं होतं. विणकाम, भरतकाम, कागदकाम, सगळं. कुणी फिरकलं नाही. शिलाई मशीनवर आले तेव्हा लोक येऊ लागले.

पायरी तिसरी: जागा

स्वतःची साइट, यूट्यूब चॅनल, इन्स्टाग्राम, टेलिग्राम, कशावरही करता येतं. माझं मत विचाराल तर एक साइट आणि शक्य असेल तर जोडीला व्हिडिओ. कारण सोशल मीडियावरची पोस्ट दोन दिवसांत खाली ढकलली जाते. ‘कोणतं मशीन घेऊ’ असं सर्चमध्ये टाकणारा माणूस मात्र दोन वर्षांनीही तुमच्या लेखावर येतो, आणि तो पाकीट खिशात घेऊनच आलेला असतो.

पायरी चौथी: आधी लेख, मग अर्ज

नवखे लोक पहिल्याच दिवशी ॲफिलिएट कार्यक्रमाचा अर्ज भरतात. घाई करू नका. ॲमेझॉनचंच बघा: खातं उघडल्यापासून १८० दिवसांत ३ ग्राह्य विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण जुन्या लिंका सगळ्या बदलत बसा. रिकाम्या साइटचा अर्ज इतर ठिकाणीही सहसा नाकारला जातो. दहा-बारा चांगले लेख तयार होऊ द्या, रोज थोडे तरी वाचक येऊ द्या, मग अर्ज.

अर्ज करताना नियमांचं पान वाचा. कंटाळवाणं असतं, तरी वाचा. त्यात पुढच्या गोष्टी शोधा: कोणत्या वस्तूला किती टक्के, कुकीची मुदत, खात्यात किती रक्कम जमल्यावर पैसे सोडतात, विक्रीनंतर किती दिवस कमिशन ‘प्रलंबित’ राहतं, आणि काय करायला मनाई आहे. मनाईची यादी महत्त्वाची. स्वतःच्याच लिंकवरून स्वतः खरेदी करणं ॲमेझॉनला आणि बहुतेकांना चालत नाही. काही कार्यक्रमांत लिंक ईमेलमधून किंवा पीडीएफमधून पाठवता येत नाही. कंपनीच्या नावावर सर्चमध्ये जाहिरात लावायला अनेकांची बंदी असते. ॲमेझॉनच्या वस्तूची किंमत हाताने टाइप करून लिहायलाही परवानगी नाही, कारण ती सारखी बदलते आणि तुमच्या पानावर शिळी राहते.

पहिला नियम मी माझ्या वेंधळेपणाने मोडला होता. मशीनच्या पायाचा एक सुटा भाग हवा होता, आपलीच लिंक समोर होती, दाबली आणि घेतला. एका नेटवर्कने त्या महिन्याचं सगळं कमिशन रोखून खुलासा मागितला. चूक माझीच होती. खुलासा दिला, खातं वाचलं, पण तीन आठवडे पोटात गोळा होता.

पायरी पाचवी: उंबऱ्यावरच्या वाचकासाठी लिहिणं

‘शिलाई मशीनचे फायदे’ असा लेख वाचणारा काहीही विकत घेणार नाही. त्याला शाळेत निबंध लिहायचा असेल. ‘दहा सर्वोत्तम शिलाई मशीन’ वाचणारा घेईल, पण त्या नावाचे लेख हजारो आहेत आणि त्यातले बरेचसे मशीन न पाहताच, दुकानाच्या पानावरची माहिती उतरवून लिहिलेले. एप्रिल २०२१मध्ये गूगलने वस्तूंच्या परीक्षणांसाठी खास बदल आणला तो याच प्रकाराला आळा घालायला. वस्तू स्वतः हाताळल्याच्या खुणा ज्या लेखात दिसतात, त्याला वर आणायचं हा त्यामागचा हेतू. आता तर असे यादीवजा लेख यंत्राकडून मिनिटात लिहून घेता येतात, म्हणजे त्यांची किंमत आणखी घसरली.

मग लिहायचं काय? खरेदी करायचं ठरवलेला माणूस शेवटी एका शंकेपाशी अडतो. ती शंका शोधायची आणि तिच्यावरच लेख लिहायचा.

माझा सर्वात चाललेला लेख एका प्रश्नावर आहे: घरगुती मशीनवर जीन्सची दुमड शिवता येते का? जीन्स आखूड करताना पायाच्या कडेला शिवण येते तिथे कापडाचे पदर एकावर एक चढतात आणि गाठ झाल्यासारखा जाड भाग तयार होतो. मशीन बाकी सगळं सरसर शिवतं आणि तिथे येऊन गुरगुरतं. कधी टाके सुटतात, कधी सुई मोडते. दुकानाच्या पानावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, पण ते मशीन या गाठीवरून जातं की नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मी दोन मशिनांवर तीच जीन्स शिवली. आधी ९०/१४ नंबरच्या साध्या सुईने, मग १००/१६च्या जीन्ससाठीच्या सुईने. साध्या सुईने दोन्ही मशिनांनी गाठीपाशी मान टाकली. जाड सुईने एक मशीन अडखळत गेलं. दुसरं तेव्हा गेलं, जेव्हा कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली, मागच्या बाजूला, दुमडलेल्या कापडाचा तुकडा सरकवून त्याची पातळी सारखी केली आणि गाठीवरचे टाके हाताने चाक फिरवत घातले. प्रत्येक वेळचे टाके जवळून टिपून फोटो टाकले, सुटलेल्या टाक्यांचेसुद्धा. शेवटी लिहिलं की महिन्याला एखादी जीन्स आखूड करायची असेल तर यांतलं स्वस्तातलं मशीन पुरे, रोज हेच काम असेल तर दोन्हींपैकी एकही घेऊ नका.

‘घेऊ नका’ लिहिताना हात कचरतो, कारण त्या वाक्याने आपलंच कमिशन जातं. पण लेखातल्या बाकी शब्दांवर वाचक विश्वास ठेवतो तो याच वाक्यामुळे. दुसरं म्हणजे, अयोग्य माणसाने वस्तू घेतली तर तो ती परत करतो, आणि परत केलेल्या वस्तूचं कमिशन कंपनी कापून घेते. म्हणजे खोटं बोलून हाती काहीच उरत नाही.

अशा शंका सापडतात कुठे? दुकानातल्या त्या वस्तूच्या प्रश्नोत्तरांत, तीन तारे दिलेल्या अभिप्रायांत (पाचवाले खुशीत असतात, एकवाले रागात, तीनवाले खरं काय ते सांगतात), यूट्यूबच्या टिप्पण्यांत, आणि सर्चच्या खिडकीत अर्धं वाक्य टाकल्यावर खाली उघडणाऱ्या सूचनांत. एका संध्याकाळी बसून अशा वीस शंका वहीत उतरवल्या, की तुमचे पुढचे सहा महिने त्यात गेले समजा.

पायरी सहावी: लिंक कुठे, कशी, आणि उघडपणे

लिंक तिथे द्या जिथे वाचकाला ती हवीशी वाटते. शंका मिटली त्या वाक्याच्या लगेच पुढे. दर चार ओळींनी रंगीत बटणं लावलीत तर पान जत्रेसारखं दिसतं.

या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं, हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहा. तळाला बारीक अक्षरांत नको. अमेरिकेत तर व्यापार आयोगाने २००९पासून ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही हे लागू केलं आहे, इतर अनेक देशांतही असे नियम आहेत, आणि जवळपास प्रत्येक कार्यक्रमाच्या करारात ती अट असते. मी एवढंच लिहिते: ‘या लेखातल्या लिंकवरून काही घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं. मशीन मी माझ्या पैशांनी घेतलेली आहेत.’ वाचक यामुळे पळून जातात ही भीती मलाही होती. कुणी पळालं नाही.

तांत्रिक बाजूची एकच गोष्ट: अशा लिंकांना ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण लावायची असते, म्हणजे सर्च इंजिनाला कळतं की ही पैशाच्या व्यवहारातली लिंक आहे. गूगलने ही खूण २०१९ साली आणली. त्याआधीची ‘नोफॉलो’ ही खूणही चालते. बहुतेक साइट बनवायच्या साधनांत त्यासाठी एक चौकट असते, तिच्यावर टिक करायची.

आणि प्रत्येक लेखासाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी, म्हणजे लिंकच्या शेपटीचा वेगळा ओळख क्रमांक, ठेवा. सगळ्या लेखांत एकच आयडी वापरला तर महिन्याअखेरीस विक्री दिसेल, पण ती कोणत्या लेखाने दिली ते कधीच कळणार नाही.

पायरी सातवी: वाट बघणं आणि डागडुजी

पहिले काही महिने डॅशबोर्ड, म्हणजे क्लिक आणि विक्रीचे आकडे दाखवणारं तुमच्या खात्याचं पान, रोज उघडू नका. तिथे शून्य असतं आणि शून्य बघून लेख सुचत नाहीत. नंतर महिन्यातून एकदा नीट बसा. क्लिक आहेत पण विक्री नाही? तर वस्तू महाग वाटतेय, साठा संपलाय किंवा चुकीचा वाचक येतोय. वाचक आहेत पण क्लिक नाहीत? तर लिंक भलत्या जागी आहे, किंवा त्या लेखाला विकण्यासारखं काही नाहीच. अशा लेखातली लिंक मी काढून टाकते.

लिंका मरतात. मॉडेल बंद होतं, पान बदलतं. माझ्या एका लेखातली मुख्य लिंक चार महिने ‘उत्पादन उपलब्ध नाही’ या पानावर जात होती आणि मी खुशाल नवे लेख लिहीत होते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वरचे दहा लेख उघडून प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघते. अर्धा तास लागतो.

मिळालेल्या प्रत्येक रकमेची नोंदही पहिल्यापासून ठेवा. ही कमाई आहे, आणि कमाईवर आपापल्या ठिकाणचा कर लागतो.

कुणापासून लांब राहायचं

चांगल्या ॲफिलिएट कार्यक्रमात सामील व्हायला पैसे लागत नाहीत. कंपनीला विक्रेते हवे असतात, ती तुमच्याकडून प्रवेश फी कशाला घेईल? ‘आधी आमचं पॅकेज घ्या, मग तेच पॅकेज दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवा’ असं कुणी म्हणालं तर ते साखळी मार्केटिंग आहे, नाव काहीही असो. खूण सोपी आहे: बाहेरचं गिऱ्हाईक, ज्याला कमिशनशी काही देणंघेणं नाही, ते ही वस्तू या किमतीला घेईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे वस्तूतून येत नाहीत, तुमच्यामागून येणाऱ्या नवख्याच्या खिशातून येतात. कमाईचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांबद्दलही तेच. वेब पानावरचा कोणताही आकडा ब्राउझरमध्ये दहा सेकंदांत बदलता येतो. एकदा स्वतः करून बघा, मग त्या चित्रांची जादू उतरेल.

माझं पहिलं कमिशन पाचव्या महिन्यात आलं. जीन्सच्या लेखावरून, पण मशीनचं नाही. कुणीतरी १००/१६ नंबरच्या सुयांचं पाकीट घेतलं होतं. मशीन तर घरी होतंच, अडलं होतं ते सुईपाशी. रक्कम इतकी किरकोळ होती की पैसे सोडण्याची मर्यादा गाठायला आणखी सात महिने लागले. त्या रात्री मी लेख उघडला आणि सुयांची लिंक मशीनच्या लिंकच्या आधी आणून ठेवली. अजून ती तिथेच आहे.